मावळतीच्या भिंतीचं टेबल

आत्या, तुमचं टेबल मी हलवू दिलं नाही.

तुमचे दिवस झाले, पाहुणे पांगले आणि तुमच्या लेकानं घर आवरायला घेतलं. त्याची पहिली नजर टेबलावर गेली. "हे परत खिडकीखाली घेऊ. येता-जाता वायर पायात येतीय," म्हणाला. मी हातातला झाडू तसाच धरून मधे उभी राहिले आणि म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही." बेंबळीच्या या घरात आल्यापासून मी इतक्या ठाम आवाजात बोलले असेन ते फक्त तुमच्याशी भांडताना. त्यानं माझ्याकडं बघितलं, वायर भिंतीच्या कडेनं सारून दिली आणि गप्प बसला. तुमच्याच पोटचा, पण कुठं गप्प बसायचं ते त्याला कळतं. तुम्हाला काही ते कधी जमलं नाही.

सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत मला लग्नाआधी खोटी वाटायची. बापाची बहीण ती आत्या. तिनं लाड करायचे, तिच्या घरी जाऊन हट्ट करायचा. आणि इथं भाकरीच्या जाडीवरून बोलणाऱ्या बाईला आत्या म्हणायचं. पहिली काही वर्षं मी तो शब्द तोंडातल्या तोंडात उरकत होते. पुढं कधी तो सरळ यायला लागला, ते मला सांगता येणार नाही. टेबलाच्या भांडणातच आला असेल. आपलं खरं नातं तिथूनच लागलं.

सगळं सुरू झालं ते अनूमावशीपायी. तुमची धाकटी बहीण, तेरला तुमच्या माहेरात राहणारी, भावाच्या म्हशी सांभाळणारी. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून तोंडानं बोलणंही नाही. गाव तिला मुकी म्हणतं. तुमच्यासमोर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. एका लग्नाच्या मांडवात कुणी पाव्हणी म्हणाली, "ही मुकी तुमची बहीण का?" तुम्ही हातातला पत्रावळीचा गठ्ठा खाली ठेवलात आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालात, "मुकी कशाची? दिवसभर बोलती ती. तुमालाच कळंना, त्याला ती काय करंल?"

आणि ते खरंच होतं. लहानपणी तुम्ही दोघींनी मिळून हातांची एक भाषा उभी केली होती. कुठल्या शाळेत शिकवतात ती नव्हे, तुमच्या दोघींचीच. तेरच्या घरातल्या बाकीच्यांना त्यातलं जेव, ये, दूध, झोप एवढंच यायचं. म्हशीशीही माणूस एवढं बोलतोच. पण कुणाच्या सुनेनं कुणाला काय टोमणा मारला, हे मावशी सांगायची ते फक्त तुम्हाला. एवढी मोठी भाषा आणि तिची माणसं दोन.

मग तुमचे गुडघे गेले. तेरला जायचं म्हणजे धाराशिवला बस बदलायची, दोन्हीकडं त्या उंच पायऱ्या. मावशी म्हशी सोडून येणार नाही. मी म्हटलं, सोपं आहे, मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून देते. करून दिला. तुम्ही एका हातात फोन धरलात, दुसरा हात हलवलात, परत फोन सावरलात. शेवटी फोन माझ्या मांडीवर टाकलात.

"एका हातानं भाकरी थापती का गं कुणी?"

फोन डब्याला टेकवून बघितला. घसरला. पिठाच्या डब्यावर ठेवला, तर तुमचे हात निम्मे चित्राबाहेर. तिकडून मावशी एवढीशी दिसायची, आणि मोतीबिंदू काढलेल्या तुमच्या डोळ्यांना तिची बोटं दिसायचीच नाहीत. तुम्ही डोळे बारीक करून बघायचात आणि म्हणायचात, "बोलती ती, पन मला ऐकू येईना." तुमचं ते वाक्य मी कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मी हसत नाही.

मी धाराशिवच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवते, तिथली जुनी मशीनं त्याच सुमारास मोडीत निघाली. नवं विंडोज त्यांच्यावर चालेना. मी दोन मशीनं मागून घेतली, एक आपल्याला, एक तेरला, आणि दोन्हींवर लिनक्स टाकलं. जुन्या मशीनवरही ते निमूट चालतं. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसला होतात.

"हे कितीचं?"

"याला पैसे पडत नाहीत."

"फुकटचं टिकत न्हाय, वैशाली."

"फुकटचं नाही आत्या, इर्जिकीचं आहे. जगभरातल्या लोकांनी आपापली कामं सांभाळून थोडं थोडं करून दिलंय. ज्याला जमतं तो येतो, हात लावतो, जातो. झालेलं काम सगळ्यांचं."

इर्जिक तुम्हाला समजावून सांगावी लागली नाही. एकाचं रान नांगरायला सगळ्यांनी औतं घेऊन उतरायचं आणि त्या दिवशी रानाच्या मालकानं सगळ्यांना जेवू घालायचं, हे तुम्ही लहानपणापासून बघितलेलं. म्हणून तुम्ही नेमकं विचारलंत, "मग जेवाय कोण घालतंय?"

मी या विषयात कच्ची नाही, पण तुमचा प्रश्न अवघड होता.

कॅमेरा लावायचा दिवस आठवतो का? छोटासा, चिमट्याचा, यूएसबीचा. मी तो पडद्याच्या डोक्यावर बसवला, वायर मागं खोचली. काही नाही. मग पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून मशीनला विचारलं, कोण कोण जोडलंय ते सांग. त्यात कॅमेऱ्याचं नाव आलं. म्हणजे मशीननं त्याला ओळखलं होतं, पण चित्र दाखवत नव्हतं.

"आलाय ना त्यो? मग दिसंना का?"

"तुमच्या नावानं मशीन उघडलंय, आणि तुम्हाला कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नाही. त्यासाठी एक गट असतो. त्या गटात तुमचं नाव घालावं लागतं."

"बचत गटावानी?"

"तस्संच."

"मग घाल की. आन अध्यक्ष कोन हाय, ती बी इचार. मागच्या गटात लई वंगाळ बाई होती."

नाव घातलं. मशीनमधून बाहेर पडून परत आत यावं लागतं, तेही केलं. दिवा लागला, चित्र मात्र काळं. मला घाम फुटला होता, पण तुमच्यासमोर दाखवते कशाला? हा एकच कॅमेरा मशीनमध्ये दोन नावांनी बसतो. एका नावावर चित्र येतं, दुसऱ्यावर नुसती फुटकळ माहिती. आमच्या प्रोग्रामनं नेमकं दुसरंच धरलं होतं. ते बदललं आणि तुम्ही पडद्यावर आलात, पदर सावरत, तोंड उघडं टाकून.

"अगं बाई. येवढी म्हातारी कवा झाले म्या?"

पुढच्या रविवारी तेरला जाऊन तिकडचं मशीनही मीच लावलं. तिकडं तुमच्या भाच्याची बायको, सुरेखा, हुशार आहे. चालू-बंद तिनं एकदा बघितलं आणि झालं. पहिल्या दिवशी मावशी खुर्चीवर बसली, पडद्यात तुम्ही दिसलात, आणि ती उठून चालती झाली. आम्हाला वाटलं, घाबरली. ती धारेची चरवी घेऊन आली आणि कॅमेऱ्यासमोर वाकडी करून दाखवली, म्हैस किती देते ते. तुम्ही हात हलवलेत, ती हसून हसून खाली बसली. मी विचारलं, काय म्हणालात? "म्हनलं, पानी किती घातलंस?"

त्या दिवसापासून संध्याकाळची धार झाली की तुमचं बोलणं ठरलेलं. मी क्लासहून यायची तेव्हा तुमचे दोन्ही हात हवेत असायचे. चुलीवरची डाळ करपली तरी उठायचं नाही. मी ओरडायची आणि तुम्ही ते मावशीला सांगायचात. मला कळायचं नाही, पण माझ्याबद्दल चाललंय हे कळायचं, कारण दोघीही एकदमच माझ्याकडं बघायच्यात. "कानामागून आली आन तिखट झाली," असं तुम्ही मला तोंडानंही म्हणायचात, तेव्हा हातांनी काय म्हणत असाल ते देवाला ठाऊक.

मग ती बसस्टँडची गोष्ट झाली.

सुरेखाचा दुपारी फोन आला. "ताई, आत्या निघाल्यात का न्हाय? मावशी सकाळधरनं स्टँडवर बसल्यात. नवं लुगडं नेसल्यात. जेवायला बी येईनात."

तुम्ही तर घरात गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या. कुठं निघायचं ठरलंच नव्हतं. मी विचारलं, काल काय सांगितलंत तिला? तुम्ही म्हणालात, काल बसमधून दवाखान्यात जाऊन आले, एवढंच. हात करूनही दाखवलात. स्वतःवर एक बोट, मग बसच्या दांडीला धरून हिंदकळणारी मूठ, मग मागं, खांद्यावरून, मावळतीकडं हात. तुमच्या भाषेत मावळतीकडं हात म्हणजे होऊन गेलं, उगवतीकडं हात म्हणजे व्हायचंय. सूर्य गेला तिकडं काल, सूर्य येणार तिकडून उद्या.

तुम्ही तोच हात परत एकदा करून बघितलात. मग म्हणालात, "ती मशीनपुढं कुनीकडं तोंड करून बसती?"

सुरेखाला विचारलं. उगवतीकडं.

"आन म्या?"

तुमचं टेबल मी खिडकीखाली ठेवलं होतं. खिडकी उगवतीला. तुम्हीही उगवतीकडंच तोंड करून बसत होतात.

मला समजायला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले, मावशी झाले, तुम्हाला पडद्यात आहात असं समजून बघितलं. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांची तोंडं उलट्या दिशांना असतात. तेरला अंगणात बसून बोलताना तुमची तशीच असायची. एकीनं मावळतीकडं हात केला की दुसरीलाही तो मावळतीकडंच जाताना दिसायचा. पण आता दोघीही उगवतीकडं बघत होतात. तुम्ही खांद्यावरून मागं हात केलात. मावशीला तो पडद्याच्या आत, तिच्या समोर, उगवतीकडं जाताना दिसला. तुम्ही म्हणालात, काल बसनं गेले. तिनं ऐकलं, उद्या बसनं येते. म्हणून ती नवं लुगडं नेसून स्टँडवर जाऊन बसली.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. सुरेखानं मावशीला कसंबसं घरी आणलं. संध्याकाळी ती पडद्यासमोर आली, पण हात मांडीवरून उचलले नाहीत. तुम्ही कान पकडलेत, हात जोडलेत, पदर डोळ्यांना लावलात. ती बघत राहिली आणि उठून गेली. तुम्ही मला म्हणालात, "टेबल हालव. आत्ताच्या आत्ता."

टेबल मावळतीच्या भिंतीला गेलं. तिथं प्लग नाही. वायर खोलीभर ओढावी लागली. ही तीच वायर, जी तुमच्या लेकाच्या पायात येते. पण तोंडं उलट झाली, हात सरळ झाले. दुसऱ्या दिवशी मावशी बसली, तुम्ही बोललात आणि तिनं मान डोलावली. दुपारपर्यंत ती तुमच्यावर रुसलेलीच होती, असं सुरेखा म्हणाली. पण बसली.

पेच माझ्यापुढं होता. आता उजेडाची खिडकी तुमच्या पाठीशी. कॅमेरा समोरचा उजेड बघून डोळे मिटल्यासारखा करायचा, आणि तुम्ही पडद्यावर नुसती काळी आकृती. मी म्हटलं, आत्या, थोडं तिरकं बसू या, तोंड तरी दिसेल.

"तोंड कशाला दिसाया पायजे? तोंड पाठ हाय तिला."

"माणूस माणसाशी बोलताना तोंड बघतो की नाही?"

"तुमी बघता. ती हात बघती."

यावर आपण किती भांडलो. मी बरोबर होते असं मला अजून वाटतं. मावशी तुमचे हात बघायची हे खरं, पण अधूनमधून तुमच्या तोंडाकडंही बघायची, मी शेजारी बसून पाहिलंय. पण तुम्ही म्हणाल ती पूर्व. या घरात तर ते शब्दशः तसंच झालं.

शेवटी मी मशीनला शरण न जाता कॅमेऱ्याची मानगूट धरली. त्याचं आपोआप उजेड ठरवणं बंद केलं आणि आकडा हातानं वाढवला. मागची खिडकी पांढरीफेक झाली, पण तुम्ही दिसायला लागलात. मग नवंच दुखणं निघालं. संध्याकाळी अंधारून आलं की हा कॅमेरा उजेड पुरावा म्हणून चित्रं सावकाश काढायचा. तुम्ही स्थिर असलात तर सुरेख. हात हलवलात की बोटांचा नुसता धूर. तुमची बोटं तर पाखडणाऱ्या सुपासारखी चालायची. मग ती सवयही त्याची मोडली, चित्र बारीक केलं म्हणजे जास्त वेळा काढता येईल, आणि डोक्यावर ट्यूब लावली. मशीन बंद केलं की कॅमेरा हे सगळं विसरायचा, म्हणून चालू होतानाच त्याला आठवण करून देणारा चार ओळींचा हुकूम लिहून ठेवला. क्लासात मी हे मुलींना शिकवते. चेहरा बघायचा कॅमेरा वेगळा लावतात आणि हात बघायचा वेगळा, असं सांगते. हे तुमच्यामुळं शिकले असंही सांगते. तुमचं नाव घेऊन.

आपलं दुसरं भांडण मात्र मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही. मी म्हटलं होतं, तुमचं बोलणं मशीनमध्ये भरून ठेवू. एकेक खूण, तिचा अर्थ. तुमच्या पाठीमागं ही भाषा कुणाला यायची?

"बोलनं काय लोनचं हाय व्हय, बरनीत भरून ठिवायला?"

मी हट्ट धरला. तेव्हा तुम्ही खरं कारण सांगितलंत, आणि ते सांगताना तुमचा आवाज खाली आला, जो कधी यायचा नाही. "कुनाच्या तरी हातात पडंल. फोनावर फिरवत्याल. लई हसल्यात गं लोकं तिला. आता घरात बसून सुखानं बोलती, ती बोलनं बी लोकांच्या हातात देऊ का?"

मी विषय सोडला. पण पटलं नव्हतं, आत्या. आजही पटलेलं नाही. कुणाला दाखवलं नसतं मी, तुम्हाला माहीत होतं ते. आता माझ्याकडं तुमच्या हातांचं हलतं चित्र एकही नाही. लग्नांतले फोटो आहेत, त्यात तुमचे हात पदराखाली. याचा मला तुमच्यावर राग आहे आणि तो मी सोडणार नाही. प्रेमाच्या माणसावर थोडा राग शिल्लक असावा.

दवाखान्यातलं शेवटचं बोलणं आता लिहिते. त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, उजव्या हाताला सलाईन. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलेलं. तुम्ही आणि बोलायचं नाही? संध्याकाळी माझी पाळी होती. तुम्ही डावा हात पांघरुणातून काढलात आणि माझ्याशी हातानं बोलायला लागलात. पहिल्यांदा. एरवी ती भाषा माझ्याशी तुम्ही कधी बोलला नव्हतात.

मूठ उघडझाक केलीत, धार काढल्यासारखी. ही अनूमावशी, ते मला येत होतं. मग पंजा छातीपासून पुढं नेलात. हेही येत होतं, बोलणं. मग करंगळी कानात घालून हलवलीत.

मला वाटलं, मास्कचं इलास्टिक कानाला काचतंय. मी ते सैल केलं. तुम्ही मान हलवलीत, वैतागलात, परत तेच केलंत. मूठ, पंजा, कानात करंगळी. मी नर्सला बोलावून कानामागं कापूस ठेवून घेतला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, मी चूल नीट पेटवली नाही की मिटायचात तसे. मी तुमच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "मावशीशी बोलायचंय ना? बरं वाटलं की घरी जाऊन तुम्हीच बोला." तुम्ही परत एकदा करंगळी उचललीत, आणि खाली ठेवलीत.

पहाटे फोन आला.

मावशीला जीपमधून आणलं. तिला कुणी काही सांगितलं नाही, सांगायला येतंय कुणाला? ती सरळ आत आली, तुमच्याजवळ बसली आणि तिनं तुमचे हात हातात घेतले. तळवे वर केले, बोटं सरळ केली, परत मिटवली. बायका रडत होत्या, ती रडली नाही. उचलायची वेळ झाली तेव्हा सुरेखाला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दिवस झाल्यावर सुरेखाचा फोन आला. "ताई, मावशी धार झाली की मशीनपुढं जाऊन बसत्यात. बंदच असतंय. बसत्यात, आन मग उठून जात्यात. घरात कुनाशीच काय बोलंनात. जेव म्हनलं तर बघत बी न्हाईत."

मी त्याच संध्याकाळी मशीन चालू केलं. इतके दिवस बंद असलेल्या मशीननं साठलेले नवे बदल, म्हणजे अपडेट, आधी ओढून घेतले, आणि त्यानंतर कॅमेरा दिसेना. आपल्या इर्जिकीतही कुणी तरी औत वाकडं चालवतंच. मी घाबरले नाही. मागची आवृत्ती निवडून मशीन परत चालू केलं, आणि चित्र आलं. खुर्चीत मी बसले, मावळतीकडं तोंड करून.

मावशी मला बघून दचकली. मग माझ्या मागं बघायला लागली, खिडकीपर्यंत. तुम्हाला शोधत नव्हती, तुम्ही गेलात हे तिला माझ्यापेक्षा नीट समजलं होतं. मी इथं कशाला बसले ते तिला समजत नव्हतं. मी मला येत होत्या तेवढ्या खुणा केल्या. जेवलीस? म्हैस? दूध? तिनं हात उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मी "काल" म्हणून चुकून खिडकीकडं, उगवतीकडं हात केला, आणि ती इतकी चिडली की दोन्ही हातांनी मला झापलं. काय म्हणाली ते मला अजिबात कळलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं. तुमच्या घराण्यात बोलणं सुरू करायची हीच पद्धत आहे.

तेव्हापासून ती मला शिकवतेय. वस्तू उचलून दाखवते, खूण करते, मी करते, ती माझी बोटं हवेतल्या हवेत सरळ करते. मी भराभर शिकते, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तुमच्याशेजारी इतक्या संध्याकाळी बसून बरंच माझ्या डोळ्यांत आधीच जाऊन बसलंय, एवढंच.

आणि काल मी तिला विचारलं.

मी दवाखाना दाखवला. तोंडावर मास्क, हाताला सुई. तुमची खूण केली, ती मला आता येते. मग तुम्ही केलं तसं केलं, डाव्या हातानं, सावकाश. धारेची मूठ. छातीपासून पुढं पंजा. आणि कानात करंगळी घालून हलवली, आणि हात पसरून विचारलं, हे काय?

मावशी एकदम थांबली. मग हसली. तुम्ही गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, खाली मान घालून नवरी झाली. दोन्ही हातांनी अक्षता उधळल्या, मग परत नवरी होऊन अंतरपाटामागं उभी राहिली. एक दाणा येऊन नवरीच्या कानात गेला. नवरीनं मान तिरकी केली, लोक बघताहेत का बघितलं आणि हळूच कानात करंगळी घालून हलवायला लागली. थांबली. परत हलवायला लागली.

आत्या, माझ्या लग्नात तांदळाचा दाणा माझ्या कानात गेला होता. सप्तपदी होईपर्यंत निघाला नव्हता. मी हे कुणाला बोलले नव्हते.

मावशीनं पदर खाली घेतला आणि बोट सरळ माझ्याकडं केलं. तू. तुला आम्ही असं म्हणतो.

मावशी. बोलणं. वैशाली.

इलास्टिक काचत नव्हतं. तुम्ही मला नावानं हाक मारत होतात, आणि मी कापूस शोधत होते. तुमचे दोघींचे हात हवेत असताना, मी दारातून ओरडत असताना, मी तुमच्या बोलण्यात इतकी वर्षं कानात करंगळी घालून हिंडत होते, आणि मला पत्ता नव्हता.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. वर बघितलं तेव्हा मावशी वाट बघत बसली होती. तिनं मला डोळे पुसायला सांगितलं आणि करंगळी कानाला लावून, म्हणजे माझं नाव घेऊन, विचारलं, आज भाकरी केलीस का चपाती? मी दोन्ही हात वर घेतले आणि सांगायला लागले.

त्या संध्याकाळी दवाखान्यात मी तुम्हाला जे उत्तर दिलं, ते तुमच्या बोलण्याचं नव्हतंच. तुमच्या बोलण्याचं उत्तर आज देते.

व्हय, आत्या. मी बोलते तिच्याशी.